व्हिक्ट्रॉन ब्लू स्मार्ट आयपी२२ चार्जर: बाहेरची लाईट लावूनही कॅम्परची बॅटरी चार्ज होत नसेल तर हे वाचा

आधी निकाल सांगून टाकतो, मग पाल्हाळ. व्हिक्ट्रॉनचा ब्लू स्मार्ट आयपी२२, १२ व्होल्ट ३० अँपियरवाला चार्जर आमच्या कॅम्परमध्ये बसवून वर्षाच्या वर झालं, महाग आहे, आणि तरी परत घ्यायची वेळ आली तर हाच घेईन. आता कारण ऐका. लवकर चार्ज होतं म्हणून नाही, ३० अँपियरचा कुठलाही धड चार्जर तेवढं करेलच. कारण एवढंच की गाडी बाहेरच्या पॉइंटला (घराचा किंवा होमस्टेचा २३० व्होल्टचा पॉइंट, यालाच मी बाहेरची लाईट म्हणतो) जोडली आणि बॅटरी चढत नसेल तर नेमकं कुठे पाणी मुरतंय हे याच्यामुळे पाच मिनिटांत कळतं, आणि ज्यांनी अंधारात मोबाईलचा टॉर्च तोंडात धरून सीटखाली वायरी हुडकल्यात त्यांना या पाच मिनिटांची किंमत सांगायला नको.

गाडी टाटा विंगर, पुण्यात एका कॅम्पर बनवणाऱ्या बिल्डरकडून करून घेतलेली (नाव घेत नाही, घ्यायची इच्छाही नाही). मागे बेड, छोटा कंप्रेसर फ्रिज, पाण्याचा पंप, दोन पंखे, छतावर सोलर पॅनल आणि २०० अँपियर-अवरची लिथियम बॅटरी, म्हणजे एलएफपी, लिथियम आयर्न फॉस्फेट. बिल्डरने बाहेरच्या लाईटसाठी गाडीच्या मागच्या बाजूला झाकणवालं सॉकेट दिलेलं, आत एक एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच), एक आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की पडणारा, शॉकपासून वाचवणारा स्विच) आणि पुढे जाळीचा पत्र्याचा डबा, ज्याला तो "लिथियम चार्जर" म्हणायचा. डब्यावर एकच एलईडी. पेटला म्हणजे चालू. चालू म्हणजे काय चालू, किती चालू, ते देवालाच ठाऊक.

पावसाळ्यात गाडी सोसायटीच्या पत्र्याच्या शेडखाली होती, म्हणजे सोलर बंद. चार्जरचं कनेक्शन मात्र लावून ठेवलेलं, एलईडी पेटलेला. आणि गणपतीच्या आधी गाडी काढायला गेलो तर आत सगळं ठप्प. दिवा नाही, पंप नाही, फ्रिज नाही. चार्जरचा एलईडी मात्र दिमाखात पेटलेला.

पहिला जो बॅटरीवाला आला त्याने मीटर टर्मिनलला लावला, ३ व्होल्ट की काय दिसले, आणि लगेच "साहेब बॅटरी गेली, बदलायला लागेल" असं सांगून नव्या बॅटरीचा भाव पण सांगितला. २०० ची लिथियम बॅटरी काय भावाला येते हे ज्यांनी घेतलीये त्यांना माहितीये, बायकोने तर ऐकूनच चहा ठेवायला आत पळ काढला. नशीब की ओळखीतल्या एकाने नाना पेठेतल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांकडे पाठवलं. त्यांचं काम बघणं हेच एक शिक्षण होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

काकांनी बॅटरीला हातच लावला नाही आधी. भिंतीतल्या पॉइंटपासून सुरुवात. पॉइंटला २२८ व्होल्ट. एक्स्टेंशनच्या टोकाला जवळपास तेवढेच. गाडीच्या सॉकेटच्या आत, एमसीबीच्या आधी, नंतर, आरसीसीबीच्या नंतर, चार्जरच्या तोंडाशी, सगळीकडे २२० च्या वर. मग चार्जरच्या आउटपुटला डीसीवर मीटर, १३.८. "म्हणजे इथपर्यंत गाडी आली," काका म्हणाले. मग पुढचा टप्पा, चार्जर ते बॅटरीच्या मध्ये ६० अँपियरचा बोल्ट लावायचा फ्यूज, त्याच्या होल्डरच्या अलीकडे १३.८, पलीकडे काहीच नाही. झाकण काढलं तर फ्यूज नवाकोरा दिसतोय पण होल्डरचं काळं प्लास्टिक एका बाजूने तपकिरी होऊन वितळलेलं, आणि त्या बाजूचा नट काकांनी दोन बोटांनी फिरवून दाखवला. पाना लागलाच नाही! बिल्डरच्या माणसाने नट आवळलाच नव्हता, त्यात गाडीचे हादरे, ढिल्या जोडावर रेझिस्टन्स वाढला, गरम झाला, आणखी ढिला झाला, शेवटी जोड तुटला. म्हणजे चार्जर कितीतरी दिवस हवेलाच चार्ज करत होता.

आणि बॅटरी? बॅटरी गेलीच नव्हती. लिथियम बॅटरीच्या आत बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) असतो, बॅटरी फार उतरली की (साधारण सेलमागे अडीच व्होल्ट, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीला १० च्या आसपास) तो स्वतःच आतून कनेक्शन तोडतो, सेल वाचावेत म्हणून. मग बाहेर टर्मिनलला मीटर लावलात तर दोन-तीन व्होल्ट किंवा शून्य दिसतं. शिशाच्या बॅटरीला एवढे व्होल्ट दिसले तर तिची आशा सोडा, पण लिथियमला दिसले तर बऱ्याचदा ती नुसती झोपलेली असते. काकांचा शब्द, "झोपलीये, उठवायला लागेल." पहिल्या बॅटरीवाल्याला हे माहीत नव्हतं की माहीत असून सांगायचं नव्हतं, जाऊ द्या.

होल्डर बदलला, नट आवळले, स्विच टाकला. बॅटरी उठली पण. आणि आता नवीनच तमाशा, तो पत्र्याचा डबा टिक... टिक... टिक करत चालू-बंद चालू-बंद. काकांनी त्याचं झाकण उघडलं आणि हसायलाच लागले. "साहेब हा चार्जर नाहीये, हा एलईडी पट्ट्यांचा सप्लाय आहे." म्हणजे दुकानाच्या पाट्यांमागे असतो ना तो १२ व्होल्टचा एसएमपीएस, त्याचा छोटा स्क्रू फिरवून १३.८ वर आणून ठेवलेला. बॅटरी अर्धी-पाऊण भरलेली असते तेव्हा तो कसाबसा चालतो, पण रिकामी बॅटरी समोर आली की ती जेवढा मिळेल तेवढा करंट ओढते, सप्लायचं ओव्हरलोड प्रोटेक्शन लागतं, तो बंद पडतो, परत सुरू होतो, परत बंद. खऱ्या चार्जरमध्ये करंट ठराविक मर्यादेत धरून ठेवायची सोय असते, बॅटरी कितीही भुकेली असली तरी तो ३० चा असेल तर ३० च देणार. कॅम्पर बनवून घेणाऱ्या लोकांनी एवढं तरी बघाच, चार्जरच्या लेबलवर "बॅटरी चार्जर" लिहिलंय की "पॉवर सप्लाय".

काकांनी त्यांच्या टेबलावरच्या सप्लायवर करंट कमी ठेवून बॅटरी हळूहळू वर आणून दिली आणि म्हणाले आता चांगला चार्जर घ्या. घेतला.

व्हिक्ट्रॉन ही नेदरलँड्सची कंपनी, १९७५ पासूनची, बोटी आणि कॅम्परवाल्यांमध्ये निळे डबे म्हणून जगभर ओळखतात. हा चार्जर भिंतीला लावायचा, खाली स्क्रूचे टर्मिनल, त्यात बॅटरीच्या वायरी. एक बटण आहे, त्याने नॉर्मल, हाय आणि लिथियम असे मोड बदलतात. नॉर्मलला १४.४ व्होल्टपर्यंत चढवून मग १३.८ वर ठेवतो, हायला १४.७, लिथियमला १४.२ आणि नंतर १३.५. हे सेटिंग पहिल्या दिवशी बघून घ्या, ट्युब्युलर किंवा एजीएम (दोन्ही शिशाच्या बॅटरीचे प्रकार) असेल तर वेगळं, लिथियम असेल तर वेगळं, आणि बॅटरीच्या कागदावर कंपनीने काय व्होल्टेज सांगितलंय ते शेवटचं. ब्लूटूथ आतच आहे, व्हिक्ट्रॉन कनेक्ट नावाचं ॲप फुकट. ॲपमध्ये व्होल्टेज, अँपियर आणि कुठला टप्पा चाललाय (बल्क म्हणजे पूर्ण जोरात, ॲब्सॉर्प्शन म्हणजे व्होल्टेज वर धरून शेवटचं भरणं, फ्लोट म्हणजे भरलेली नुसती राखणं, स्टोरेज म्हणजे बरेच दिवस पडून असताना राखणं) हे तीन दिसतं, आणि मागच्या ४० चार्जची हिस्टरी पण. ब्लूटूथचा पिन नंबर बदलून टाका तेवढा, नाहीतर शेजारच्या गाडीतला पोरगा तुमचा चार्जर बंद करेल.

आता खरी मजा. या तीन आकड्यांवरून बिघाड कसा हुडकायचा ते मी माझ्या पद्धतीने सांगतो.

बाहेरची लाईट लावली आणि ॲपमध्ये चार्जर दिसतच नाही, असं झालं तर समजा २३० ची लाईट चार्जरपर्यंत पोचतच नाहीये, कारण हा चार्जर बाहेरच्या लाईटवरच जागा होतो, बॅटरीवर नाही. मग बॅटरीकडे बघूच नका. पॉइंटचं बटण, एक्स्टेंशनचा प्लग, गाडीचं सॉकेट, एमसीबी, आरसीसीबी. आणि इथे एक गोष्ट, टेस्टर पेटला म्हणजे लाईट आहे असं आपल्याकडे सगळे धरून चालतात. टेस्टर फेजवर पेटतो, न्यूट्रल तुटलेली असली तरी पेटतो! होमस्टेच्या बाहेरच्या पॉइंटला उंदराने किंवा गंजाने न्यूट्रल खाल्लेली असते आणि मालक टेस्टर लावून दाखवतो की बघा लाईट आहे की. मीटर नसेल तर होल्डरला दोन वायरी लावलेला साधा बल्ब फेज-न्यूट्रलमध्ये लावून बघतात ना वायरमन, ते जास्त खरं. आरसीसीबी सारखा पडत असेल तर बहुतेक वेळा गाडीच्या सॉकेटमध्ये पाणी गेलेलं असतं किंवा आत कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना चिकटलेत. तो पडतो म्हणून काढून टाकणारे वायरमन मी बघितलेत. कृपा करून असलं करू देऊ नका, पत्र्याची गाडी आहे, ओल्या पायांनी दार धरता तुम्ही. आणि २३० च्या बाजूचं काही उघडायचं असेल तर माहितगार वायरमन बोलवा, यात हिरोगिरी नको.

दुसरा प्रकार, चार्जर दिसतोय, व्होल्टेज १४ च्या वर, टप्पा लगेच ॲब्सॉर्प्शनला पोचला, पण अँपियर शून्य. म्हणजे एकतर बॅटरी भरलेली आहे किंवा चार्जर आणि बॅटरीच्या मध्ये रस्ता तुटलाय. फरक ओळखायला मीटर थेट बॅटरीच्या टर्मिनलवर लावा, केबलच्या थिंबलवर (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी) नाही, शिशाच्या किंवा पितळेच्या खुंटीवर. चार्जर १४.२ म्हणतोय आणि खुंटीवर १२.९ आहे, तर मधेच गोम आहे. फ्यूज, फ्यूजचा होल्डर, बॅटरीचा मास्टर स्विच (काही बिल्डर चार्जरची वायर स्विचच्या पलीकडे जोडतात, म्हणजे स्विच बंद करून गाडी पार्क केली की चार्जिंग पण बंद, मग लोक म्हणतात रात्रभर लावून ठेवलं तरी काही नाही), नाहीतर टर्मिनलवरचा तो पांढरा-हिरवा थर. ट्युब्युलर बॅटरीवाल्यांना हा थर नवीन नाही, गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुवायचं, कोरडं करून आवळायचं, वरून व्हॅसलीन. धुताना वायर काढून घ्या आणि पाणी सेलच्या झाकणात जाऊ देऊ नका. आमच्या बाबतीत तो वितळलेला होल्डर हाच प्रकार, हा चार्जर तेव्हा असता तर पावसाळाभर ॲपमध्ये शून्य अँपियर दिसला असता.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. चार्जर दिसतोय, अँपियर पण आहेत, बल्क लिहून येतंय, पण बॅटरीची टक्केवारी काही वाढत नाही. इथे साधा हिशोब लावायचा, येतंय किती आणि जातंय किती. १० अँपियरच्या चार्जरवर फ्रिज चालू, पंखे चालू, वरून इन्व्हर्टरवर पोरांचे लॅपटॉप, तर बॅटरीत जाणार काय, धत्तुरा? आमच्या ३० अँपियरला सुद्धा २०० ची बॅटरी शून्यापासून भरायला सात तास तरी लागतात, आणि तेही आत काही चालू नसेल तर. त्यामुळे संध्याकाळी सातला लावलं आणि नऊला "अजून भरली नाही" म्हणून चार्जरला शिव्या घालण्यात अर्थ नाही.

याच प्रकारातला एक किस्सा मित्राच्या गाडीतला. त्याच्या गाडीत बाहेरची लाईट गेली की सगळे सॉकेट आपोआप इन्व्हर्टरवर जातात, छान सोय, पण चार्जरचा प्लग पण त्याच सॉकेटच्या ओळीत. म्हणजे लाईट गेली की बॅटरीतून इन्व्हर्टर, इन्व्हर्टरमधून चार्जर, चार्जरमधून परत तीच बॅटरी. दोन्हीकडे होणारा लॉस बॅटरीच्याच खिशातून जातो, बाकी कोणाच्या नाही. सकाळी बॅटरी उतरलेली आणि चार्जर मात्र रात्रभर इमानदारीत "चार्जिंग" दाखवतोय. चार्जरचं कनेक्शन इन्व्हर्टरच्या आधीच्या, थेट बाहेरच्या लाईटच्या लाईनवर हवं. बास, एवढंच होतं.

उलटं पण होतं. दुपारी छतावरच्या सोलरने बॅटरी गच्च भरलेली असते, तुम्ही मुक्कामी पोचून लाईट लावता, ॲपमध्ये अर्धा-एक अँपियर, टप्पा फ्लोट. लोक घाबरतात. अहो भरलीये ती, अजून कुठे घालणार? फ्रिज चालू करा, पंप चालू करा, अँपियर वर जाताना दिसतील.

आता कोकण. वेळणेश्वरला एका होमस्टेच्या अंगणात गाडी लावलेली. अंधार पडल्यावर बघतो तर ॲपमध्ये चार्जर दिसतोय, गायब होतोय, परत दिसतोय. चार्जर बिघडला म्हणावं तर दुपारी त्याच पॉइंटवर २८-२९ अँपियर घेत होता. मीटर लावला तर पॉइंटला १७१ व्होल्ट, आणि घरातला मिक्सर सुरू झाला की १६५. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "संध्याकाळी लाईट डिमच असते हो आमच्याकडे, दहा-साडेदहानंतर नीट होते." व्हिक्ट्रॉनचं हे मॉडेल १८० ते २६५ व्होल्टमध्ये चालतं असं कागदावर लिहिलेलंच आहे, त्याच्या खाली गेल्यावर त्याने ऐकावं ही अपेक्षाच चुकीची. काकूंनी त्यांच्या जुन्या फ्रिजचा रिकामा पडलेला स्टॅबिलायझर काढून दिला, तो मधे लावला, पुढे मीटरवर २०० च्या वर आले आणि चार्जर शांतपणे २९ अँपियरवर बसला. स्टॅबिलायझरची ताकद मात्र बघून घ्या, या चार्जरला पूर्ण जोरात साडेचारशे-पाचशे वॅट लागतात, छोट्या टीव्हीच्या स्टॅबिलायझरचा तो जीव घेईल. झोपायच्या आधी परत मीटर लावला तर सरळ पॉइंटलाच २१२, स्टॅबिलायझर काढून ठेवला.

तेव्हापासून मी प्लगमध्ये खोचायचा एक छोटा डिजिटल व्होल्टमीटर एक्स्टेंशनलाच कायम लावून ठेवलाय, काही शे रुपयांत मिळतो, आणि खरं सांगायचं तर महागडा चार्जर घ्यायच्या आधी प्रत्येकाने ही वस्तू घ्यावी. कोकणात, सह्याद्रीच्या आतल्या गावात, शेतावरच्या मुक्कामी चार्जिंगच्या निम्म्या तक्रारी तिथेच सुटतात.

एक्स्टेंशनबद्दल पण बोलायलाच पाहिजे. हार्डवेअरच्या दुकानात जो पिवळा किंवा लाल गुंडाळीचा बोर्ड मिळतो त्यात बऱ्याचदा १ स्क्वेअर एमएमची, कधी त्याहून बारीक वायर असते. १ स्क्वेअर एमएमच्या ३० मीटर वायरीचा जाऊन-येऊन रेझिस्टन्स एक ओहमच्या थोडा वर होतो, म्हणजे १० अँपियर ओढले की ११ व्होल्ट वायरीतच गेले. नुसत्या चार्जरला एवढे लागत नाहीत, त्याला दोन-तीन अँपियर पुरतात, पण त्याच वायरीवर गाडीत इंडक्शन लावलं की मग १७५ चे १६४ होतात आणि चार्जर मान टाकतो. २.५ स्क्वेअर एमएमची तीन कोअर फ्लेक्सिबल वायर घ्या, दोन्ही टोकांना चांगल्या कंपनीचे टॉप (प्लग-सॉकेट), आणि ड्रमवर गुंडाळलेली वायर पूर्ण सोडून वापरा, गुंडाळलेलीच ठेवली तर आतून तापते. हां, आणखी एक, नुसतं चार्जिंग करायचं असेल तर पंधरा अँपियरचा मोठा पॉइंट मागायची गरज नाही, साधा पाचचा पॉइंट पुरतो. होमस्टेवाले मोठा पॉइंट मागितला की उगीच दचकतात, यांचा एसी आहे की काय म्हणून.

चार्जरच्या खटकणाऱ्या गोष्टी पण सांगतो, नाहीतर म्हणाल कंपनीने पैसे दिले.

एक म्हणजे प्लग. युरोपियन मॉडेलला दोन गोल पिनांचा जाडजूड प्लग येतो, त्याची अर्थ बाजूच्या पट्टीवर असते, आपल्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये तो ॲडॉप्टर लावून घुसवलात तर अर्थ जोडली जाईलच असं नाही. वायरमनकडून तो काढून आपला तीन पिनांचा टॉप लावून घ्या किंवा सरळ एमसीबीच्या पुढे कायमचं कनेक्शन करा. आम्ही कायमचं केलंय.

दुसरं, आयपी२२ म्हणजे बोट आत जाणार नाही आणि वरून ठिबकणारं पाणी थोडंफार सोसेल, एवढंच. पावसाचा फवारा, समुद्राची खारी हवा थेट लागेल अशा जागी हा लावू नका. पाण्याचा धोका असेल तर त्यांचाच आयपी६५ प्रकार आहे, तो बंद डब्यातला. आमचा बेडखाली कोरड्या कप्प्यात आहे, कप्प्याला हवेसाठी दोन जाळ्या मारून घेतल्या, कारण आत पंखा आहे आणि बंद खोक्यात ठेवला तर गरम होऊन स्वतःच करंट कमी करतो. ४० डिग्रीपर्यंत पूर्ण ताकद देतो म्हणतात, मे महिन्यात विदर्भात उन्हात उभ्या गाडीच्या बेडखाली किती डिग्री असतील याची कल्पना करा. त्यामुळे उन्हाळ्यात ३० चे २० दिसले तर आधी कप्पा उघडा.

पंख्याचा आवाज. बेडखाली असल्यामुळे रात्री जाणवतो. नाईट मोड आहे, लावला की पंखा गप्प, करंट कमी, आणि ८ तासांनी आपोआप पूर्ववत. घोरण्यावर असा मोड निघाला तर बायको आनंदाने पैसे देईल.

आणि किंमत. लोकल लिथियम चार्जरच्या कितीतरी पट. ५ वर्षांची वॉरंटी आहे तेवढाच दिलासा. बिल डीलरकडून पक्कं घ्या, वॉरंटीला तेच लागणार.

बसवताना वायरीत कंजुषी करू नका. ३० अँपियरला चार्जर ते बॅटरी आम्ही १६ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर टाकली, जेवढी आखूड जमेल तेवढी, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, थिंबल हायड्रॉलिकने दाबलेले. हातोडीने ठोकलेले थिंबल आणि टेप गुंडाळलेले जोड हे सगळे उद्याचे वितळलेले होल्डर आहेत. दर सहा-आठ महिन्यांनी, घाटात-बिटात बरंच फिरणं झालं असेल तर आधीच, सगळे नट पाना लावून बघा. आणि चार्जर पूर्ण जोरात चालू असताना अर्ध्या तासाने प्रत्येक जोडाच्या बाहेरच्या रबरावर हाताची मागची बाजू टेकवून बघा (फक्त १२ व्होल्टच्या बाजूला!), चटका बसतोय तो जोड ढिला.

झोपलेल्या बॅटरीचा मुद्दा राहिला. काही हुशार चार्जर आधी बॅटरीचे व्होल्ट बघतात, ते फार कमी दिसले तर बॅटरी जोडलेलीच नाही असं समजून सुरूच होत नाहीत, आणि झोपलेल्या लिथियमच्या बाबतीत नेमकी तीच पंचाईत होते. हा तसा नाही, शून्याजवळ गेलेल्या बॅटरीला पण आधी थोडा करंट देऊन बघतो आणि व्होल्ट वर आले की मग नेहमीसारखा चार्ज करतो. हिमाचल-लडाखला जाणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवा, सेल शून्य डिग्रीच्या खाली गेले की चांगला बीएमएस चार्जिंग अडवतो, म्हणजे स्पितीत पहाटे ॲपमध्ये शून्य अँपियर दिसले तर चार्जरही बरोबर, बॅटरीही बरोबर, गाडी आतून गरम होऊ द्या.

कोणी घेऊ नये? ज्यांच्या गाडीत १०० ची एकच बॅटरी आहे, महिन्यातून एखादा शनिवार-रविवार फिरतात आणि सोलर व्यवस्थित आहे, त्यांनी ३० च्या नादाला लागू नये, १५ चा पुरतो, किंवा चांगला लोकल लिथियम चार्जर आणि जोडीला क्लॅम्प मीटर घ्या, डीसी अँपियर मोजणारा, मग ब्लूटूथशिवाय पण हेच सगळं तपासता येतं, फक्त बेडखाली वाकावं लागेल. तीन आउटपुटवालं मॉडेल पण मिळतं, ते दोन-तीन वेगळ्या बॅटऱ्या असतील त्यांच्यासाठी, एका बॅटरीला त्याचा उपयोग नाही. आणि अमेरिकेतल्या भाच्याला किंवा मेव्हण्याला येताना आणायला सांगणार असाल तर खोक्यावरचा इनपुट आधी व्हॉट्सॲपवर मागवून बघा, तिकडे १२० व्होल्टचं मॉडेल मिळतं, ते आपल्या २३० ला चालणार नाही.